पलटणींची संग्रहालये

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "विलायतेतल्या गोऱ्या पलटणींची संग्रहालये! आम्हाला त्यांचे काय?" शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच मी विलायतेहून न निघता आपल्याच एखाद्या गावच्या चावडीपासून निघतो.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूच्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच तिचा मजकूर. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. तिथले ४६ जण त्या युद्धात पडले. पण बहुतेक गावांतली पाटी नीट वाचून पाहा. तिच्यावर आकडे दोन असतात, नाव एकही नसते. गेले ते कोण होते, कोणाच्या घरचे होते, हे दगड सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने रुमालात बांधून चांदीचे एक पदक आणले. घरी त्याला 'आजोबांचा रुपया' म्हणत आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याची पूजा होई. हे आजोबा म्हणजे त्याचे खापरपणजोबा. ते कुठे लढले, घरात कोणालाच ठाऊक नव्हते. "बसऱ्याला गेले होते" एवढेच ऐकलेले. मी पदक उभे धरून त्याची कड उजेडाकडे केली. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती : नंबर, हुद्दा शिपाई, त्यांचे नाव, आणि शेवटी ११७ मराठा. मुलगा बघतच राहिला. शंभर वर्षे पूजा झाली, पण कड कोणी वाचली नव्हती.

त्या कडेवरच्या ओळीवरून मला विलायतेतल्या पलटणींच्या संग्रहालयांची आठवण झाली. कडेवरचे असे एकेक नाव जपण्यासाठी तिकडे घरेच्या घरे उभी आहेत.

ब्रिटनमध्ये लष्करी पलटणींची आणि दलांची अशी संग्रहालये सव्वाशेहून अधिक आहेत. यांतली बरीच राजधानीत नसून जिल्ह्याच्या गावी आहेत. याचे कारण पलटणींच्या इतिहासात सापडते. १७५१ पासून तिथल्या पायदळ पलटणींना नंबर असत. ३९ वी, ५४ वी, ७४ वी, ७८ वी अशी त्यांची ओळख. १८८१ साली चिल्डर्स नावाच्या युद्धमंत्र्याने ही व्यवस्था बदलली. दोन-दोन पलटणी एकत्र करून त्यांना जिल्ह्याचे नाव दिले, जिल्ह्याच्या गावी ठाणे दिले, आणि भरतीही शक्यतो त्याच मुलखातून होऊ लागली. त्यामुळे पलटण ही त्या जिल्ह्याच्या घरची झाली. आमचा बाप, आमचा चुलता, आमचा शेजारी ज्या पलटणीत गेला तीच आमची पलटण, अशी भावना रुजली. मग पेन्शनीत आलेल्या शिपायांच्या विधवांनी पदके आणून दिली, अधिकाऱ्यांनी रोजनिश्या दिल्या, आणि ठाण्यातल्या एखाद्या खोलीत कपाटे मांडून संग्रहालय सुरू झाले. १९५४ साली कर्नल रॉबर्ट ओगिल्बी यांनी या संग्रहालयांना मदत करण्यासाठी एक न्यास स्थापन केला, तो आजही काम करतो. साऱ्या सैन्याचे मोठे राष्ट्रीय संग्रहालय, जे आज लंडनला आहे, ते १९६० साली स्थापन झाले. पण जिल्ह्याजिल्ह्याची ही घरगुती संग्रहालये मोडली नाहीत.

आत गेल्यावर काय दिसते? जुनी रेशमी निशाणे दिसतात, कित्येक इतकी विरलेली की जाळीत धरून ठेवलेली. पूर्वी ही निशाणे प्रत्यक्ष लढाईत नेत. १८८१ नंतर इंग्रजी पलटणींनी ती रणात नेली नाहीत. शिवाय नगारे, गणवेश, मेजवानीची चांदीची भांडी, घरी लिहिलेली पत्रे. आणि पदके तर रांगेने शेकड्यांनी. पण या वस्तूंपेक्षा मोलाची असते ती मागच्या खोलीतली दप्तरे. कोणी नातू येतो आणि म्हणतो, "माझे आजोबा या पलटणीत होते." मग तिथले एखादे निवृत्त लष्करी गृहस्थ चोपड्या काढून नाव शोधू लागतात. आपल्याकडे पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावे सापडतात ना, तसलाच हा प्रकार.

आता एक संग्रहालय जवळून पाहू. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट जिल्ह्यात डॉर्चेस्टर नावाचे गाव आहे. तिथे पलटणीच्या ठाण्याचा १८७९ चा भव्य दरवाजा किल्ल्याच्या बुरुजासारखा उभा आहे. त्याला 'कीप' म्हणतात. जुन्या ३९ व्या आणि ५४ व्या पलटणी मिळून १८८१ साली झालेली डॉर्सेटशायर पलटण, आणि शेजारची डेव्हनशायर पलटण, यांचे संग्रहालय या दरवाजात आहे. हिटलरच्या कचेरीतले एक मेजही तिथे ठेवले आहे आणि प्रवासी ते पाहायला गर्दी करतात. आपण मात्र दुसरीकडे पाहू. ३९ वी पलटण १७५४ साली हिंदुस्थानात आली. इंग्रज राजाच्या फौजेतली इकडे आलेली ही पहिली पलटण. 'हिंदुस्थानात पहिली' अशा अर्थाचे लॅटिन बिरुद ती अभिमानाने मिरवीत असे. प्लासीच्या १७५७ च्या लढाईत तिची एक तुकडी होती.

याच डॉर्सेट पलटणीची दुसरी बटालियन १९१४ साली पुण्याला होती. महायुद्ध सुरू झाले तेव्हा पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून तिला इराणी आखाताच्या टोकाशी, आजच्या इराकात पाठवले. ज्या ब्रिगेडमध्ये ती होती त्याच ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. होय, पदकाच्या कडेवरची तीच पलटण! नोव्हेंबर १९१४ मध्ये दोघी एकाच किनाऱ्यावर उतरल्या, तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या रोखाने गेल्या, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत मार खाऊन एकत्रच मागे फिरल्या. मग कुत-अल-अमारा या गावी तुर्कांनी जनरल टाउनशेंडच्या साऱ्या फौजेला वेढा घातला. १०३ वी आणि ११० वी या मराठा पलटणीही त्याच वेढ्यात होत्या.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, तेव्हा घोडी आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली. आपल्या शिपायांपैकी पुष्कळांनी धर्मासाठी ते मांस बरेच दिवस नाकारले आणि उपासमारीने ते खंगले. सुटकेसाठी बाहेरून आलेल्या फौजेने वारंवार हल्ले केले, पण ती पोचू शकली नाही. त्या फौजेत डॉर्सेट आणि नॉरफोक या दोन पलटणींची उरलीसुरली माणसे मिळून एक बटालियन केली होती. शिपायांनी दोन्ही नावे जोडून तिला 'नॉरसेट' म्हटले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि कित्येकांना बगदादच्या रेल्वेच्या कामाला जुंपले. डॉर्सेट पलटणीचे सुमारे ३५० जण कैद झाले; त्यांतले ७० च्या आसपास जिवंत राहिले. मराठा शिपाईही त्याच वाटेने चालले, त्याच तापाने आणि भुकेने मेले. इराकातल्या या कामगिरीबद्दल ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला.

आता पाहा, वेढा एक, भूक एक, वाट एक. पण डॉर्सेटच्या शिपायाचा नातू डॉर्चेस्टरला गेला तर त्याला कुठे विचारायचे ते ठाऊक असते. आपला नातू मात्र चावडीच्या पाटीवरचा आकडा पाहून परत येतो. बसऱ्याच्या स्मारकाचीही तीच तऱ्हा. तिकडे पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी ते स्मारक १९२९ साली उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी लोकांपैकी मात्र फक्त अधिकाऱ्यांची नावे आली, आणि साध्या शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा. ज्या युद्धसमाधी आयोगाने ते बांधले त्यानेच २०२१ साली अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. माफीला शंभर वर्षे लागली, पण ती मागितली हेही सांगितले पाहिजे.

येथवर आपण खांद्याला खांदा लावून लढलेल्यांची गोष्ट केली. आता समोरासमोर लढलेल्यांची एक ऐका. स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्ज नावाचा समुद्रकाठचा किल्ला आहे. तिथे हायलँडर पलटणींचे संग्रहालय आहे. त्या पलटणींत जुनी ७८ वी एक. तिच्या इतिहासात हत्तीचे एक चिन्ह येते आणि त्याच्याशी एक नाव जोडलेले असते : असई. थंडीवाऱ्याच्या त्या मुलखात हत्ती कुठून आला? तो आपल्या जालना जिल्ह्यातून गेला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली चालून आला. मध्ये केळणा नदी होती. दोन्ही काठांना पिंपळगाव आणि वरूड अशी समोरासमोर वसलेली गावे पाहून त्याने ताडले की इथे उतार असलाच पाहिजे. खेड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. ज्या दोन गावांचे एकमेकांकडे जाणेयेणे असते त्यांच्यामध्ये उतार असतोच. त्या उताराने तो पार झाला. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफांनी दिलेला मार इतका जबर होता की इंग्रजांचे पंधराशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. ७४ व्या पलटणीचे तर चारशेच्या आसपास पडले किंवा घायाळ झाले. जय इंग्रजांचा झाला. ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीला मानाचे तिसरे निशाण मिळाले. पुढे पलटणी एकमेकींत विलीन होत गेल्या, तरी ७४ व्या पलटणीचा वारसा सांगणारी स्कॉटिश बटालियन असईचे ते निशाण अजून मिरवते.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य शिपाई मद्रासचे होते. आपल्या आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास पलटणीच्या चिन्हातही तोच असईचा हत्ती आहे. आणि शिंद्यांच्या बाजूने तोफांपाशी उभे राहून जे मेले, त्यांत उत्तर हिंदुस्थानातले पुष्कळ होते. या गोलंदाजांच्या नावांची भिंत मात्र कुठे नाही. पलटणीचे संग्रहालय पलटणीची बाजू सांगते, समोरच्याची बाजू तिथे पाहुण्यासारखी येते. ते पाहायला गेलात तर ही गोष्ट मनात धरूनच पाहा.

काहीजण म्हणतील, हे शिपाई तर परक्या सरकारची चाकरी करणारे. त्यांची आठवण कशाला? मला वाटते, माणसाची आठवण ठेवणे म्हणजे त्याच्या धन्याचा गौरव करणे नव्हे. कोणी दुष्काळामुळे गेला, कोणी सावकाराचे देणे फेडायला गेला, कोणी भाऊ गेला म्हणून गेला. ते गेले आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर इथे चुली पेटल्या. त्यांची नावे विसरून आपण परक्या सरकारला धडा शिकवत नाही. आपल्याच घरच्या माणसाला आकडा करून टाकतो.

आणि विलायतेतही ही गोष्ट सोपी राहिलेली नाही. डॉर्सेट पलटण १९५८ साली डेव्हन पलटणीत मिळाली आणि २००७ साली दोघीही 'रायफल्स' नावाच्या मोठ्या पलटणीत विरून गेल्या. पलटण गेली, तिचे घर तेवढे राहिले. जुनी माणसे कमी होत चालली आहेत आणि सरकारी मदतही सगळ्यांना पुरत नाही. संग्रहालय एकदा बांधले की झाले, असे नसते. कोणीतरी रोज दार उघडावे लागते.

आपल्याकडे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आपल्या पलटणींची परंपरा तिथे जपली जाते. पण गावचे काम गावानेच केले पाहिजे. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. एक वही घ्या. चावडीच्या पाटीवरचे आकडे तिच्या पहिल्या पानावर लिहा. मग मुलांना घरोघर पाठवा. जुनी पदके असतील तर कड वाचायला शिकवा; चांदीची म्हणून कितीतरी पदके सोनाराकडे जाऊन आटली, उरलेली तरी वाचवा. पदक घासू मात्र नका, अक्षरे झिजतात. पेन्शनची कागदपत्रे, फोटो, पत्रे पाहा. युद्धसमाधी आयोगाची नावांची यादी आता संगणकावर सर्वांना खुली आहे, आणि बसऱ्याच्या दगडावर ज्यांची नावे नाहीत अशा शिपायांचीही नावे तिच्यात शोधता येतात. कित्येकांच्या नावापुढे बापाचे आणि गावाचेही नाव असते. इंग्रजी स्पेलिंग वेडेवाकडे असते खरे, पण ते ओळखण्यात मुले मोठ्यांपेक्षा हुशार.

माझ्या त्या विद्यार्थ्याने आपल्या गावची अशी वही सुरू केली. पहिल्या पानावर त्याने पाटीवरचे दोन आकडे लिहिले आणि खाली क्रमांक एकला आपल्या खापरपणजोबांचे नाव. बाकीच्या ओळी नंबर घालून मोकळ्या ठेवल्या. त्यांतल्या काही आता भरल्या आहेत. तुमच्याही गावात अशी वही निघो, एवढे म्हणून तुमची रजा घेतो.