कुरण : वऱ्हाडच्या दफ्तरात ‘पडीक’ ठरलेली जमीन

१/ अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना काटेपूर्णेच्या काठी कुरणखेड लागते. पळसखेड, बाभूळगाव, पिंपळखुटा या ग्रामनामांत झाड आहे. कुरणखेडात गवत आहे. शहरालगत ‘मूळ निसर्ग’ परत आणायचा तर आधी विचारले पाहिजे, इथे मूळचे काय होते?

२/ कुरण म्हणजे नष्ट झालेले जंगल, हा समज चुकीचा आहे. पातळ मातीचे, मुरमाड माळ हे कुसळी, मारवेल, पवन्या या गवतांचे स्वतःचे घर. काळवीट, लांडगा, तणमोर याच घराचे रहिवासी. गावाची गुरेही यावरच जगत.

३/ मग हे कुरण गेले कुठे? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. १८६७ मध्ये अकोला, बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. चराईची जमीन नांगराखाली येऊ लागली.

४/ उरलेल्या जमिनीचे वर्गीकरण महसूल दफ्तराने केले. आजही वऱ्हाडातल्या खेड्यात सरकारी चराऊ जमिनीला ‘ई-क्लास’च म्हणतात. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, ही दफ्तराची दृष्टी. पाहता पाहता ती आपलीही दृष्टी झाली.

५/ याची किंमत छप्पन्नच्या दुष्काळात (१८९९-१९००) दिसली. पाऊस फिरकला नाही, आणि अडीअडचणीला आधार देणारी कुरणेही आक्रसलेली होती. चाऱ्यावाचून असंख्य गुरे दगावली.

६/ कुरणाबरोबर त्यावर जगणारी माणसेही दफ्तरात वाईट ठरली. फास लावून तितर-लावे पकडणारे ते फासेपारधी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या धोरणात पारध्यांवरही शिक्का बसला. तो कायद्याने पुसला गेला १९५२ मध्ये. लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

७/ स्वातंत्र्यानंतर ‘पडीक’ जमिनीवर हिरवाई आणायचे ठरले. सुबाभूळ, गिरिपुष्प अशी परदेशी, झपाट्याने वाढणारी झाडे लावली गेली. हेतू चांगला होता. परंतु दाट सावलीत माळाचे गवत तगत नाही, आणि गवतात अंडी घालणाऱ्या पक्ष्याला झाडांची दाटी परकीच.

८/ आता इतिहासाने घेतलेले वळण पाहा. अकोला-वाशीम परिसरात फासेपारधीच आपल्या गावांलगतची कुरणे राखू लागले. चराईला आळा घालायचा, वणवा रोखायचा, शिकार थांबवायची. गवत आपले आपण उभे राहते. तणमोर नेमका कुठे उतरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? फास टाकण्यासाठी लागणारे ज्ञान आता राखणीला आले.

९/ मेळघाटात मात्र कथा इतकी सरळ नाही. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे व्याघ्रप्रकल्पाबाहेर हलवली गेली आणि त्यांच्या शेतांच्या जागी कुरणे उभी राहिली. तण उपटून, गुरा-हरणांना रुचणारे गवत वाढवण्याचे काम तिथे झाले. परंतु ती शेते कोरकूंची होती. पुढे अन्य गावांतील काही विस्थापित, आश्वासने पाळली न गेल्याचे सांगत, जंगलात परतले. कुरणाच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येणार नाही.

१०/ अमरावतीला वडाळी-पोहऱ्याचे रान अगदी खेटून आहे. पावसाळ्यात आपण रोपे घेऊन अशा टेकड्यांवर जातो. जरूर जावे. पण खड्डा खणण्यापूर्वी पायाखाली पाहावे. जिथे कुसळी कपड्यांना चिकटते, तिथे जमीन रिकामी नाही. तिला रिकामी म्हणणारे दफ्तर दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. आपण तेच किती काळ वाचत राहणार?