पाटी आणि भाकरी

सातारा जिल्ह्यांतील गरीब कुळवाड्याचा मुलगा कितीहि हुषार असला तरी गांवची शाळा संपतांच त्याचें शिक्षण बहुधा थांबे. पुढील शाळा शहरांत. आणि तेथें राहावयाचें कोठें व खावयाचें काय, याला घरीं उत्तर नसे. फी माफ झाली तरी भूक माफ होत नाहीं.

कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय देऊन या अडचणीवर तोड काढली होती. त्याच नगरींत शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. तेथें नाना जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवीत आणि स्वतः श्रम करीत. धान्य सरलें तेव्हां पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां, काढून दिलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. वसतिगृह मात्र चालूंच राहिलें. १९४० सालीं साताऱ्यांत महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें, तें ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर.

मुलांच्या गुणांचा हिशेब मांडणाऱ्यानें आधीं त्यांच्या ताटाचा हिशेब पाहावा, हें साताऱ्यानें शिकविलें.