भिवंडीची खाडी आणि दारूखान्याचा किनारा

इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि पुढें तेथील खाडींत मराठी आरमाराचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. तीं लांकडाचीं होतीं. मोडलीं तरी त्यांचें लांकूड कोणास अपाय करीत नसे. कालांतरानें जहाजें पोलादाचीं झालीं, आणि तीं मोडण्याचा धंदा भिवंडीच्या दक्षिणेस, मुंबईच्या दारूखान्यांत वाढला. १९७१ च्या युद्धांत गाजलेली विमानवाहू नौका 'विक्रांत' २०१४ पासून तेथेंच मोडली गेली.

जहाज मोडणें म्हणजे नुसतें लोखंड कापणें नव्हे. जुन्या जहाजांत नळांभोंवतीं ॲसबेस्टॉस, रंगांत शिसें आणि टाक्यांच्या तळाशीं तेल असतें. कापणीच्या ज्योतीनें टाकींत कोंडलेल्या वायूचा स्फोट होऊं शकतो. रंगाचा धूर मजुराच्या छातींत, आणि तेल खाडीच्या चिखलांत उतरतें. ॲसबेस्टॉसचा रोग तर कित्येक वर्षांनीं प्रकट होतो; तोंवर मजूर आपल्या दूरच्या गांवीं परतलेला असतो.

विषारी द्रव्यें काढल्यावांचून जहाजें मोडावयास आणूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं बजावलें. २०१९ मध्यें स्वतंत्र कायदाहि झाला. लोखंडाचा हिशेब टनावारी होतच असतो. ज्यांनीं तें कापलें त्यांच्या आजाराचा हिशेब ठेवला जाणें, हीच त्या कायद्याची खरी कसोटी होय.