खुराक आणि शिल्लक राहणारें बळ

कोल्हापूरच्या उत्तरेस, पंचगंगेच्या परिसरांत कसबा बावडा वसलें आहे. तेथील लक्ष्मी-विलास राजवाड्यांत २६ जून १८७४ रोजीं राजर्षि शाहू छत्रपतींचा जन्म झाला. याच महाराजांनीं पुढें मल्लविद्येला राजाश्रय दिला आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें. राजाश्रय या शब्दाचा तालमींतील अर्थ मोठा व्यावहारिक होता. मल्लानें मेहनत करावी आणि त्याच्या खुराकाची काळजी दरबारानें वाहावी, असा तो करार होता. दूध, तूप, मटण आणि बदामाची थंडाई हीं त्या काळचीं पोषक द्रव्यें होत.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि राजाश्रयाचें तें युग संपलें. जो आधार घेऊन शरीर घडविलें तो आधार काढून घेतल्यावर बळ किती उरतें, हा प्रश्न तेव्हां तालमींपुढें उभा राहिला. आज औषधी गोळ्या आणि भुकट्यांच्या साह्यानें मेद झडविणाऱ्या शहरी गृहस्थापुढेंही तोच प्रश्न आहे.

खासबागेंतील जुनी कुस्ती जोड पाहून लागे. वजनाचा कांटा तेथें न्यायाधीश नव्हता. ऑलिंपिकमध्यें मात्र तोच पहिला पंच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकले. १९४८ सालीं लंडन येथें ५२ किलोच्या गटांत ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं ५७ किलोच्या गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. वजन कमी ठेवण्यांतच मल्लाचें हित असतें, या समजुतीला एवढें उदाहरण पुरेसें आहे.

कांटा वजन सांगतो. त्यांत मेद किती आणि स्नायु किती, हें सांगत नाहीं. आहार खर्चापेक्षां कमी पडला म्हणजे शरीर मेदाबरोबर स्नायूंनाही हात घालतें. घाई केली तर झडतें तें मुख्यतः पाणी. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्यें अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर घाम गाळून वजन उतरवितांना मरण पावले. त्यानंतर तेथील वजनाचे नियम बदलावे लागले.

मेद झडविण्याच्या पुष्कळशा गोळ्यांत मुख्य द्रव्य कॅफीन असतें. कॉफीच्या पेल्यांतही तेंच आहे. त्याचा परिणाम अल्प असतो आणि गोळी थांबली कीं तोही थांबतो. प्रथिनांची भुकटी तर बहुधा दुधाच्या निवळीपासूनच करतात; म्हणजे तालमींतल्या दुधाच्या पेल्याची ती धाकटी बहीणच म्हणावी. तिचा उपयोग नाहीं असें नाहीं. परंतु स्नायूंना कामाची हांक मिळाली नाहीं, तर नुसत्या प्रथिनांनीं त्यांचें रक्षण होत नाहीं.

ही हांक किती असावी, याचें उत्तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगानें दिलें. सोळा आठवडे वजनें उचलून स्नायु वाढविलेल्या लोकांचा व्यायाम पुढें बत्तीस आठवडे कमी करण्यांत आला. भार तेवढाच ठेवला असतां तरुणांनीं मूळच्या एक नवमांश व्यायामावरही स्नायूंचा आकार टिकविला. साठी ओलांडलेल्यांची शक्ति बरीचशी राहिली. पण स्नायूंचा आकार राखण्यास मूळच्या एक तृतीयांश व्यायामही पुरा पडला नाहीं. कमावण्याचे कष्ट मोठे, राखण्याचे लहान. मात्र वयाबरोबर राखण्याचा खर्च वाढत जातो.

हौदा सुटला आणि खुराक मात्र पूर्वीचाच राहिला, तर पैलवानाचें पोट सुटतें, हें कोल्हापुरांत कोणास सांगावें लागत नाहीं. खुराक बेतानें उतरावा, प्रथिनें मोडूं नयेत, आणि जोर-बैठकांची संख्या घटली तरी त्यांतला जोर घटूं देऊं नये. आश्रय राजाचा असो वा औषधाच्या डबीचा, तो केव्हां तरी संपतो. आठवड्यांतून एकदां कां होईना, पण नेमानें केलेली मेहनत हीच मागें उरणाऱ्या बळाची खरी राखणदार आहे.