'प्लीज ॲडव्हाइस' की 'प्लीज ॲडव्हाइज'? इंग्रजीतलं नाम ओळखायचं कसं?

ऑफिसच्या मेलच्या शेवटी 'प्लीज ॲडव्हाइस' लिहून तुम्हीही कधी 'सेंड' केलंय का? चूक एकाच अक्षराची आहे. पण दोन्ही शब्द डिक्शनरीत असल्यामुळे स्पेलचेक अनेकदा ती पकडत नाही.

'सी' असलेला 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला. हे झालं नाम. 'एस' असलेला 'ॲडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे. हे क्रियापद. इथे आपण समोरच्याला काहीतरी करायला सांगतोय, म्हणून 'एस'वालं रूप बरोबर.

आधी जागा बघा
मराठीत प्रत्यय लागला की नाम सापडतं: निर्णयाला, निर्णयाचा. इंग्रजीत मात्र शब्द वाक्यात कुठे बसलाय ते पाहावं लागतं. शब्दाआधी 'माय' लावून बघा. 'माय डिसिजन' जमतं, 'माय डिसाइड' अडतं. म्हणजे 'डिसिजन' हे नाम.

मग शेवट बघा
'शन', 'मेंट', 'नेस', 'शिप' असे शेवट बहुतेकदा नामाचे असतात: एज्युकेशन, पेमेंट, हॅपिनेस, फ्रेंडशिप. पण डोळे झाकून विश्वास नको. 'मेन्शन' क्रियापद म्हणूनही येतो.

एक घर, चार भावंडं
- सक्सीड: यशस्वी होणे (क्रियापद)
- सक्सेस: यश (नाम)
- सक्सेसफुल: यशस्वी (विशेषण)
- सक्सेसफुली: यशस्वीपणे (क्रियाविशेषण)

'ली' दिसला की क्रियाविशेषणच, असंही नाही. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे.

एकच शब्द, दोन कामं
'अ बुक' म्हणजे पुस्तक, पण 'बुक अ तिकीट'मध्ये तोच शब्द क्रियापद होतो. 'रेकॉर्ड'चं स्पेलिंग बदलत नाही, उच्चार बदलतो. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

मराठी माणूस कुठे फसतो?
आपण 'दोन सल्ले' सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'टू ॲडव्हायसेस' लिहून बसतो. पण ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर ही तिथे न मोजता येणारी नामं आहेत. त्यांना 'एस' लावून अनेकवचन करत नाहीत. मोजायचंच असेल तर 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'.

नोकरीच्या अर्जात 'आय ॲम इंटरेस्ट' नको, 'आय ॲम इंटरेस्टेड' हवं. 'इंटरेस्ट' म्हणजे रस, आणि तुम्ही स्वतः रस नाही! पुढचा मेल पाठवण्याआधी प्रत्येक अडखळत्या शब्दाला एवढंच विचारा: तू इथे नाव आहेस, काम आहेस की गुण?