पेशवाईंतील कारकुनाचें शिक्षण

राज्यकारभार शिकविण्याकरितां आतां स्वतंत्र संस्था निघाल्या आहेत. 1992 सालच्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतर तर गांवोगांव निवडून येणाऱ्या पंच-सरपंचांसहि वर्ग भरवून कायदा, हिशेब व सभेचे नियम समजावून देतात. हें पाहिलें म्हणजे मराठी दफ्तरें चाळणारास साहजिकच एक प्रश्न पडतो. नाना फडणिसांच्या अमदानींत पुण्याच्या हुजूर दफ्तरांत दोनशेंहून अधिक कारकून राबत होते. त्यांच्यासाठीं सरकारनें शाळा अशी कोणतीच घातली नव्हती. मग हें कसब ते शिकले कोठें?

पंतोजीच्या शाळेंत जें मिळे तें थोडें, पण पक्कें असे. धूळपाटीवर अक्षर घटवावें, कित्ता गिरवावा, मोडी वळण बसवावें, आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ म्हणावी. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व एकशेंवीस बिघ्यांचा चाहूर. ज्यास हें झोपेंत विचारलें तरी सांगतां येतें त्यासच जमिनीचा झाडा लिहितां यावयाचा. एवढी शिदोरी घेऊन मुलगा एखाद्या आप्ताच्या ओळखीनें कचेरींत उमेदवार म्हणून बसे. वेतन नाहीं, फक्त बैठकीस जागा. तेथें त्यास प्रथम कालगणना उमगावी लागे. सुहूर सनाचें वर्ष मृगास पालटतें व तें अरबी शब्दांनीं लिहावयाचें असतें. इसवी सन 1779 च्या मृगापासून पुढील मृगापर्यंतचें वर्ष ‘समानीन मया व अलफ’, म्हणजे 1180. यांत एका शब्दाची चूक झाली तर कागद दहा किंवा शंभर वर्षें मागें-पुढें सरकतो. आमच्या पिढींतील संशोधकांनींहि ही चूक पुष्कळदां केली आहे, त्या बिचाऱ्या उमेदवारास काय हंसावें!

या विषयावर ग्रंथ नव्हते असें नाहीं. हेमाडपंताच्या नांवाशीं परंपरेनें जोडलेलीं ‘मेस्तकें’ दफ्तरी लेखनाच्या रीतींविषयीं आहेत. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेला ‘राजव्यवहारकोश’ तर दहा वर्गांचा असून त्यांतला एक सबंध वर्ग लेखनाचा आहे. फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द द्यावे हा त्याचा हेतु. पण पुढें शंभर वर्षांनीं पेशव्यांच्या फडावर पहावें तों रोजकीर्द, जमा, वसूल, तर्जुमा हेच शब्द ठाण मांडून बसलेले! कोशकाराच्या विद्वत्तेस यांत कमीपणा नाहीं. कारकून कोशावरून शिकत नव्हता, शेजारच्या कारकुनाच्या बोरूवरून शिकत होता, एवढेंच यावरून कळतें. ज्या हातानें त्यास ‘जमा’ लिहावयास शिकविलें त्या हातास तो शब्द आपल्या गुरूकडून आलेला होता.

तेव्हां खरी शाळा म्हणजे दफ्तराची रचनाच होय, असें आमचें मत आहे. हुजूर दफ्तराच्या अनेक विभागांत चालतें दफ्तर व एकबेरीज दफ्तर हीं दोन मुख्य. चालत्या दफ्तरांत फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा. फडावर हुकूम, सनदा व पत्रें निघत आणि रोजच्या रोज रोजकीर्दीस नोंद होई; बेहेड्यांत पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अजमास बांधला जाई; सरंजामांत सरंजाम व दुमाला गांवांचे हिशेब राहत. एकबेरीज दफ्तर पुण्यासच असे. सर्व शाखांचे पुरे झालेले हिशेब तेथें येऊन त्यांची वर्गवारी होई, तर्जुमे व खतावण्या तयार होत, आणि एका बाबीचा अनेक वर्षांचा जमा, खर्च व शिल्लक एके ठिकाणीं पाहतां येई. रोजकिर्दीची नक्कल करणाऱ्या उमेदवारास एक दिवसाचें राज्य दिसे. तर्जुमा करणारास दहा वर्षांचें. एका कामावरून दुसऱ्यावर जातां जातां, कोणीं व्याख्यान न देतां, नजर विस्तारत असे.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट मुलकी कचेऱ्यांतून शिकावयास मिळे. मामलेदाराच्या हाताखालीं दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे आठ दरखदार असत. हाताखालीं म्हणावयाचे, पण त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. दिवाणाच्या निशाणीवांचून पत्र वा हुकूम रवाना होत नसे. मुजुमदार हिशेब मंजूर करी तेव्हां तो फडणिसाकडे जाई. फडणिसाच्या रोजकिर्दीवरून दफ्तरदार खतावणी करून दरमहाचा गोषवारा हुजुरास पाठवी. रोकड व शिल्लक पोतनिसाकडे. मामलेदाराची लबाडी दिसली तर ती हुजुरास कळविणें हें या मंडळींचें कर्तव्यच होतें. अशा कचेरींत दोन-चार वर्षें बसलेल्या पोरास वरिष्ठाचा हिशेब तपासणें म्हणजे उद्धटपणा नव्हे, नोकरीचाच भाग आहे, हें आपोआप समजे. दरख वंशपरंपरेचे असल्यामुळें पुढें पुष्कळ ठिकाणीं मुतालिक काम करी व धनी वेतन घेई, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. तथापि योजनेचा पाया शहाणपणाचा होता.

ती मोडली कशी, तेंहि दफ्तरांतच उमटलें आहे. नाना 13 मार्च 1800 रोजीं वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती मक्त्यानें, अधिक बोली करील त्यास देण्याचा परिपाठ पडला. मक्तेदारानें ठरलेला आंकडा भरला कीं सरकारास पुढें विचारावयाचें कांहीं उरत नसे. अर्थात् दरखदाराची तपासणी निरर्थक झाली, आणि तर्जुमे करून घेण्याची गरजहि संपली. मॅक्लिऑड साहेबानें दफ्तराची जी हकीकत लिहिली आहे तींत, या काळांत दफ्तराकडे केवळ दुर्लक्ष झालें असें नसून तेथील मंडळी बहुतेक कमी केली व कागदहि लोकांस खुशाल नेऊं दिले, असें म्हटलें आहे. कागद गेले ते कांहीं अंशीं परत मिळाले. उमेदवार बसविणारी बैठक मात्र उठली ती उठलीच. सरदेसायांनीं 1930 ते 1934 या काळांत पेशवे दफ्तराचे 45 भाग छापले. ते केवढें मोठें काम, आणि तरी त्या रुमालांच्या राशींत तो वेंचाच.

येथें संग्राहक मित्रांस एक गाऱ्हाणें सांगावयाचें आहे. जुन्या वाड्यांतून रुमाल निघाले म्हणजे शिक्क्यामोर्तबाचीं पत्रें, महजर व सनदा तेवढ्या निवडून घेतल्या जातात. गिरविलेले कित्ते, खोडलेले मसुदे, एकच मायना पांच-सहा वेळां लिहिलेले बंद, चुकलेल्या बेरजांचे कागद रद्दींत जातात. राजकारणाच्या दृष्टीनें ते निरुपयोगी खरेच. परंतु कारकून कसा तयार होत होता याचा पुरावा त्याच कागदांवर आहे, अन्यत्र नाहीं. एखाद्या खोडलेल्या मसुद्यावर दोन निरनिराळीं वळणें दिसलीं तर एक शिकणाराचें व एक शिकविणाराचें असण्याचा संभव आहे, हें ध्यानांत ठेवावें. असे बंद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते मूळ रुमालांतून न काढतां, कोणत्या घराण्याच्या व कोणत्या सालच्या कागदांत ते सांपडले याची चिठ्ठी लावून ठेवावे.