अंगावरून गेलेले वारे

एखाद्याचे अर्धे अंग अचानक लुळे पडले की आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारे गेले.’ अर्धांगवायू या शब्दातही तोच वारा आहे. आयुर्वेदाने या विकाराची गणना वातव्याधींत केली. ग्रीक वैद्यांनी त्याला ‘अपोप्लेक्सिया’ म्हटले, म्हणजे फटका बसून कोसळणे. इंग्रजीतील ‘स्ट्रोक’ हा त्याच फटक्याचा वारस. शब्द निराळे, पण त्यांच्या मुळाशी असलेली समजूत एकच. वारे येते आणि निघून जाते, घाव पडतो आणि संपतो. जे व्हायचे ते एका क्षणात होऊन जाते, मागे उरतो तो परिणाम. मग धावपळ कशासाठी करायची?

ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. धर्मग्रामात भल्या पहाटे रुग्णाभ्यंगासाठी बोलावणे येते, तेव्हा मी घरच्यांना विचारतो, ‘हे केव्हापासून?’ उत्तर येते, ‘काल संध्याकाळपासून, फादर. जीभ जड झाली होती. म्हटलं, झोप लागली की बरं वाटेल.’ या उत्तरात निष्काळजीपणा नसतो, मायाही कमी नसते. असते ती दोन हजार वर्षांची शिकवण. ती कशी आणि किती उशिरा मोडली, याचा हा अल्प मागोवा.

प्रारंभ लुई पाश्चरपासून करू. १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या. जेवणानंतर अंगात हुडहुडी भरली. तरीही तो उठला, विज्ञान अकादमीत गेला आणि रेशमाच्या किड्यांविषयीचा एका इटालियन संशोधकाचा निबंध त्याने तेथे वाचून दाखवला. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली आणि झटका आला. वाचा जाई, परत येई. डावा हात व पाय हळूहळू निर्जीव होत गेले. त्या काळच्या सर्वोत्तम डॉक्टरांनी केले काय? कानांमागे जळवा लावल्या. पाश्चरसाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती, ते काम थांबवण्यात आले. प्रयोगशाळेचा धनीच उरणार नाही, मग भिंती कोणासाठी उभारायच्या? हे पाश्चरला कळले तेव्हा तो फार खिन्न झाला. पुढे सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने काम पुन्हा सुरू झाले. डाव्या अंगाचे अधूपण घेऊनच पाश्चर आणखी जवळजवळ २७ वर्षे जगला, आणि १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस याच अधू माणसाने दिली.

या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, तो झटका क्षणाचा नव्हता. सकाळपासून रात्रीपर्यंत तो पायरी पायरीने चढत गेला. दुसरी, ज्याचा शेवट सर्वांनी गृहीत धरला होता त्याचा तो शेवट नव्हता. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. त्यांचा अर्थ लागायला शतकाहून अधिक काळ जावा लागला.

वाऱ्याची कल्पना मात्र पाश्चरच्याही दोनशे वर्षे आधी हादरली होती. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर याने या रोगाने मेलेल्यांची शवविच्छेदने केली आणि १६५८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की, मेंदूत रक्तस्राव झालेला असतो; मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद पडल्यानेही हे घडू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन पंडित रुडोल्फ फिर्शो याने रक्ताची गुठळी कशी बनते व प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरची वाहिनी कशी बुजवते, ते स्पष्ट केले. म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. एकात वाहिनी फुटते, दुसऱ्यात तुंबते. तुंबणाऱ्यांची संख्या पुष्कळच मोठी.

पण येथेच गाडे अडले. दोन्ही रोगी बाहेरून सारखेच दिसतात. वाकडे तोंड, लुळा हात, अडखळती जीभ. एकाला गुठळी विरघळवणारे औषध हवे, तर तेच औषध दुसऱ्याचा जीव घेईल. आणि फरक कळायचा तो बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर! इतक्या उशिरा मिळालेल्या ज्ञानाचा रोग्याला काय उपयोग?

ही कोंडी फोडली ती डॉक्टरने नव्हे, एका अभियंत्याने. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ई. एम. आय. कंपनीत नोकरीला होता. आपल्यापैकी ज्यांनी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांवर मराठी भावगीते ऐकली, त्यांना त्या कंपनीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडून, गणकयंत्राच्या साह्याने मेंदूचे आडवे छेद चित्रित करणारे यंत्र त्याने तयार केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोगी स्त्रीचा मेंदू, कवटी न उघडता, पाहिला गेला. सी. टी. स्कॅन तो हाच. फुटले की तुंबले, हे आता जिवंतपणी समजू लागले.

त्याच दशकात लंडनच्याच क्वीन स्क्वेअरमध्ये आस्ट्रुप, सायमन व त्यांचे सहकारी बबून माकडांच्या मेंदूतील रक्तप्रवाह थोडा थोडा कमी करून पाहत होते. त्यांना आढळले ते असे. प्रवाह एका मर्यादेखाली गेला की पेशी काम थांबवते, पण मरत नाही; त्याहूनही बराच खाली गेल्यावर ती मरते. या दोन मर्यादांच्या मधल्या पेशी मुक्या होतात, तरी जिवंत असतात. बुजलेल्या वाहिनीच्या गाभ्यात मृत्यू आणि त्याच्या सभोवती अशा मुक्या पेशींचा पट्टा. ग्रहणात गडद छायेभोवती जी फिकट उपच्छाया असते, तिचेच नाव त्यांनी या पट्ट्याला दिले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा हा आहे. घाव क्षणाचा नाही, तो काही तासांचा आहे. रोग्याचा हात हलत नाही म्हणून हात हलवणारी पेशी मेलीच, असे नव्हे. ती वाट पाहत असते. मात्र फार वेळ पाहत नाही. मोठी वाहिनी बंद असता दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकन डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी मांडला.

मग औषध? बेल्जियममधील लुव्हेनचे कॅथलिक विद्यापीठ आपल्याला ईशज्ञानासाठी माहीत आहे. तेथेच देझिरे कॉलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, गुठळी विरघळवणारा मानवी शरीरातीलच एक पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवला. टी. पी. ए. हे त्याचे संक्षिप्त नाव. प्रथम तो हृदयविकारात वापरला गेला. मेंदूसाठी वापरायचा तर भीती मोठी होती; स्ट्रेप्टोकायनेज या जुन्या औषधाच्या चाचण्या रक्तस्रावामुळे अर्ध्यावर सोडाव्या लागल्या होत्या.

डिसेंबर १९९५ मध्ये, म्हणजे पाश्चरच्या मृत्यूनंतर बरोबर शंभराव्या वर्षी, अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेच्या चाचणीचा निष्कर्ष छापून आला. रोगी ६२४, अट एकच, झटक्यापासून तीन तासांच्या आत औषध. त्यांतील निम्म्यांना तर दीड तासाच्या आत दिले गेले. तीन महिन्यांनंतर औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा २६ जण जवळपास पूर्ववत झाले होते, मिळालेल्यांपैकी ३९. परंतु किंमतही होती. मेंदूत घातक रक्तस्राव झाला तो औषध घेतलेल्यांत शेकडा ६.४ जणांना, न घेतलेल्यांत ०.६. अनेक डॉक्टरांनी वर्षानुवर्षे या औषधाबद्दल शंका घेतली ती काही हट्टाने नव्हे. १९९६ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. २००८ च्या युरोपीय चाचणीने मर्यादा साडेचार तासांवर नेली. २०१५ साली डच डॉक्टरांनी, जांघेतील धमनीतून नळी सरकवून मोठी गुठळी ओढून काढण्याचा ५०० रोग्यांचा अनुभव मांडला. स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण शेकडा १९ वरून जवळजवळ ३३ वर गेले. मेंदूचा बराच भाग अजून वाचण्याजोगा आहे असे चित्रणात दिसले, तर निवडक रोग्यांना २४ तासांपर्यंतही याचा लाभ होतो, हे पुढे सिद्ध झाले. तथापि ‘निवडक’ हा शब्द वाचकांनी विसरू नये.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, एवढी साधने गावाकडे कोठून आणायची? म्हणून नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील १९९१ ची चाचणी मला फार मोलाची वाटते. २२० रोगी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले. निम्मे नेहमीच्या वॉर्डात, निम्मे केवळ पक्षाघातासाठी राखलेल्या वॉर्डात. चमत्कारी औषध कोणतेच नव्हते. परिचारिका, डॉक्टर, व्यायाम शिकवणारे एकत्र काम करत आणि रोग्याला लवकर उठवून बसवत. सहा आठवड्यांत वेगळ्या वॉर्डातील शेकडा ५६ घरी परतले, नेहमीच्या वॉर्डातील ३३. मृत्यू अनुक्रमे शेकडा ७ आणि १७.

तसेच न्यूकॅसलचे. इंग्लंडमधील या शहरात १९९८ साली रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांसाठी एक सोपी कसोटी तयार झाली. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात उचलायला सांगा, एक खाली पडतो का? बोलायला सांगा, शब्द अडखळतात का? तिन्हींपैकी एकही खूण नवी दिसली तर घड्याळ पाहायचे आणि निघायचे. ही कसोटी दहावीतल्या मुलालाही घेता येते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गुठळी की रक्तस्राव हे घरी कळत नाही, म्हणून अशा वेळी रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी देऊ नये, पाणीसुद्धा पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. आणि कृपा करून प्रथम मला फोन करू नका. मी रुग्णालयात येईन.

तास निघून गेले, अंग लुळे राहिले, तर? येथेही ‘संपले’ म्हणण्याची घाई पिढ्यान्‌पिढ्या झाली. काही महिन्यांनंतर सुधारणा होत नाही, असे मानले जाई. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी रोग्याचा चांगला हात हातमोज्यात अडकवून दुबळ्या हाताला कामाला लावले. २००६ साली २२२ रोग्यांच्या चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनीही दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ दिसला. पण याहून जुनी हकिकत बाख-इ-रिता कुटुंबाची.

पेद्रो बाख-इ-रिता हे कॅटलान कवी, न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक. १९५९ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे अर्धे अंग व वाचा गेली. आता सुधारणा नाही, असे सांगण्यात आले. धाकटा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकीय शिक्षण घेत होता; तो वडिलांना तिकडे घेऊन गेला. पुनर्वसनाचे कोणतेही शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. मूल चालण्याआधी रांगते, एवढेच त्याला माहीत. त्याने वडिलांना भिंतीच्या आधाराने रांगायला लावले, जमिनीवर गोट्या खेळायला लावले, दुबळ्या हाताने भांडी घासायला लावली. शेजारपाजारच्यांना हे क्रूरपणाचे वाटले. वर्षभराने पेद्रो पुन्हा वर्गात उभे राहून शिकवू लागले. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला, प्रवास केला, आणि ७२ व्या वर्षी कोलंबियात डोंगर चढताना, सुमारे नऊ हजार फुटांवर, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

शवविच्छेदन झाले. मेंदूच्या बाह्य पटलाकडून पाठीच्या कण्याकडे जाणारे शेकडा ९७ तंतू नष्ट झालेले आढळले. ती इजा १९५९ सालची. ती कधी भरून आलीच नव्हती. थोरला मुलगा पॉल मेंदूचा अभ्यासक होता. वडिलांच्या मेंदूच्या त्या काचपट्ट्या त्याने पाहिल्या आणि प्रथम तो हादरला. मग त्याच्या ध्यानात आले की हा माणूस उरलेल्या तीन टक्क्यांच्या बळावर डोंगर चढत होता.